आधी एकूण आकडा सांगा, हप्त्याचं नंतर बोलू

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या पेपरातलं गाड्यांचं पान मी कधी चुकवत नाही. इंजिन किती सीसीचं, डिकीत किती बॅगा बसतात, सनरूफ आहे का, एअरबॅग किती, सगळं असतं त्यात. पण शोरूममध्ये टेबलापलीकडे बसलेल्या माणसाशी भावाचं बोलायचं कसं, हे मात्र आजवर एकदाही आलेलं नाही. माणसं गाडी निवडायला सहा-सहा महिने घालवतात, शंभर व्हिडिओ बघतात, आणि भाव ठरवतात अर्ध्या-पाऊण तासात, तेही त्याच्याच खुर्चीत, त्याच्याच एसीत बसून. मी नुकतीच नवी गाडी घेतली, शोरूममधून घेतलेली माझी दुसरी. पहिल्या वेळेला बऱ्यापैकी फसले होते म्हणून यावेळी डोकं लावून घेतली, तेव्हा म्हटलं लिहावंच एकदा.

पहिल्या वेळेला काय झालं ते सांगते. मी बसल्या बसल्या सेल्समनने एकदम गोड आवाजात विचारलं, "मॅडम, महिन्याला साधारण किती हप्ता जमेल?" आणि मी खुशाल आकडा सांगून टाकला. झालं. त्यानंतर गाडीच्या किमतीबद्दल आमचं बोलणं असं झालंच नाही, तो प्रत्येक गोष्ट त्या हप्त्यात बसवून दाखवत गेला आणि मी मान डोलवत गेले. हप्ता बसतोय ना, मग घ्या की वरचं मॉडेल, घ्या की कोटिंग, घ्या की वाढीव वॉरंटी. हप्ता बसला कसा? तर पाच वर्षांचं कर्ज गुपचूप सात वर्षांचं झालं. घरी येऊन गणित मांडलं तेव्हा डोळे उघडले. व्याज ९ टक्के धरलं तर पाच वर्षांत दर शंभरामागे साधारण साडेचोवीस जास्तीचे जातात आणि सात वर्षांत पस्तीस. हप्ता कमी दिसतो खरा, पण दोन वर्षं जास्त भरायचा असतो, आणि तोपर्यंत गाडीही जुनी झालेली असते.

आता यात तो माणूस वाईट होता असं मला अजिबात म्हणायचं नाही, त्याचं कामच ते आहे आणि त्याला ते छान येत होतं. मला येत नव्हतं एवढंच.

नंतर वाचताना कळलं की अमेरिकेत या पद्धतीला चक्क नावच आहे, फोर स्क्वेअर. एका कागदाचे चार चौकोन करायचे, एकात नव्या गाडीची किंमत, एकात तुमच्या जुन्या गाडीची किंमत, एकात डाउन पेमेंट आणि एकात महिन्याचा हप्ता, आणि पेन सारखं या चौकोनातून त्या चौकोनात फिरवत राहायचं. एका ठिकाणी तुम्हाला जिंकू द्यायचं आणि दुसऱ्या ठिकाणाहून ते काढून घ्यायचं. माझ्या बाबतीत अगदी हेच झालं होतं, जुन्या गाडीला बाहेरच्यापेक्षा बरा भाव दिला म्हणून मी मनातल्या मनात खुश, आणि नव्या गाडीवरचा डिस्काउंट कधी गायब झाला ते समजलंच नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की हे चारही विषय वेगळे ठेवा आणि एकावेळी एकच बोला. आधी नवी गाडी, टॅक्स, रजिस्ट्रेशन, विमा सगळं धरून एकूण किती, आणि तेही लिहून. जुनी गाडी आहे का असं विचारलं तर "बघू नंतर" म्हणायचं. हप्ता विचारला तर "ते माझं मी बघेन" म्हणायचं. हे म्हणायला जीभ जड होते हो, पण एकदा म्हटलं की पुढचं सोपं जातं.

यावेळी मी शोरूमला गेलेच नाही आधी. म्हणजे गेले, पण फक्त टेस्ट ड्राइव्हला, आणि भावाचा विषय निघाला की घाईत आहे म्हणून निघून आले. मग घरी बसून चार-पाच शोरूमना एकच मेल टाकला, हेच मॉडेल, हेच व्हेरियंट, हाच रंग, चावी हातात येईपर्यंत एकूण किती पैसे द्यायचे तो आकडा आणि त्याची फोड पाठवा. दोघांनी उत्तरच दिलं नाही. एकाने लिहिलं "मॅडम या ना, बसून बोलू". मी लिहिलं, बसायला येईनच पण आधी आकडा पाठवा. शेवटी दोघांकडून फोड आली आणि त्या दोन कागदांमध्ये गाडीची मूळ किंमत तीच, फरक सगळा खालच्या ओळींमध्ये! एकाने विमा चांगलाच महाग लावलेला, दुसऱ्याने ॲक्सेसरीजचं पॅकेज न विचारता घातलेलं. हे समोर बसून ऐकलं असतं तर माझ्या लक्षात आलं नसतं, कागदावर होतं म्हणून दिसलं. मग एकाचा कागद दुसऱ्याला दाखवला, नाव झाकून. त्यांनी विमा बाहेरून घ्यायला हरकत नाही म्हटलं आणि पॅकेजची ओळ उडाली.

लेखी मागण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते मला जास्त लागलेलं आहे. पहिल्या वेळेला माझा धाकटा भाऊ सोबत होता. त्याला गाडी चालवता येत नाही, लायसन्सच नाही त्याच्याकडे. पण सेल्समन इंजिन, मायलेज, किंमत सगळं त्याच्याकडे बघून बोलत होता, पैसे माझे, सही माझी, आणि मला विचारलं काय तर रंग कोणता आवडला. यावर खरोखर अभ्यास झालेला आहे. इयान आयर्स आणि पीटर सीगलमन या दोन संशोधकांनी शिकागोमध्ये माणसांना शिकवून, सगळ्यांना बोलायचं तेच ठरवून देऊन, नव्या गाड्यांच्या शोरूममध्ये घासाघीस करायला पाठवलं होतं. १९९५ मध्ये ते छापून आलं. गोऱ्या पुरुषांना जो भाव सांगितला जायचा त्याच्यापेक्षा बायकांना आणि काळ्या लोकांना जास्त सांगितला जायचा, बोलणं तेच असूनसुद्धा. आणि २००३ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी अमेरिकेतलेच आकडे तपासले तर दिसलं की समोरासमोर घेताना काळ्या आणि हिस्पॅनिक (म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या) गिऱ्हाइकांना साधारण २ टक्के जास्त पडत होते, पण तेच लोक इंटरनेटवरून भाव मागवून गेले तर तो फरक जवळपास उरलाच नाही. मेलमध्ये तोंड दिसत नाही ना. कोण घाबरलंय, कोणाला आजच गाडी हवीय, कोण पहिल्यांदा आलंय, काहीच कळत नाही पलीकडच्याला.

कर्जाचं तर मी वेगळंच सांगेन. लोक गाडीच्या किमतीवर तासभर भांडतात आणि कर्जाच्या कागदावर दोन मिनिटांत सह्या करतात, मीही केल्या होत्या. शोरूमने कर्ज मिळवून दिलं की त्याचं कमिशन असतं, आणि ते फुकटात येत नाही. ब्रिटनमध्ये तर असं चालायचं की डीलर व्याजाचा दर जितका वर नेईल तितकं त्याचं कमिशन जास्त, आणि घेणाऱ्याला याचा पत्ताच नसायचा. शेवटी तिथल्या वित्तीय नियामकाने जानेवारी २०२१ पासून ही पद्धत बंद केली. म्हणून आधी स्वतःच्या बँकेतून मंजुरी घेऊन ठेवायची, आणि मग शोरूमला म्हणायचं याच्यापेक्षा कमी देत असाल तर बोला, कधीकधी देतातही. आणि दर फ्लॅट आहे की रिड्युसिंग (म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज) हे विचारायचंच. पाच वर्षांसाठी ६ टक्के फ्लॅट ऐकायला किती छान वाटतं, पण रिड्युसिंगमध्ये तो जवळपास ११ टक्क्यांच्या आसपास जातो, कारण तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवरच लागत राहतं.

महिनाअखेर गाठा असं सगळे सांगतात, ते खरं आहे पण का ते कोणी सांगत नाही. डीलरला कंपनीकडून महिन्याचं टार्गेट असतं, ठरलेल्या गाड्या गेल्या की बोनस, म्हणजे एखादी गाडी अशी असते की ती विकली तर आधीच्या सगळ्यांचा बोनस मिळणार असतो, त्या एका गाडीवर तो तोटासुद्धा सोसेल. शिवाय आवारात उभ्या गाड्या बहुतेक वेळा उधारीच्या पैशावर आणलेल्या असतात, त्यावर त्याचं व्याज चालू असतं. त्यामुळे बरेच दिवस उभी असलेली गाडी त्याला नकोशी झालेली असते, तिथे खरी सूट मिळते, फक्त ती बनली कोणत्या महिन्यात ते बघून घ्या, आणि पैसे भरायच्या आधी तीच गाडी आहे का हे चॅसिस नंबरवरून जुळवा. उलट ज्या गाडीला वेटिंग आहे तिथे घासाघीस करून घसा कोरडा करू नका. २०२१ मध्ये चिपचा तुटवडा होता तेव्हा अमेरिकेत लोकांनी छापील किमतीच्याही वर पैसे देऊन गाड्या घेतल्या होत्या, तिथे तुमचं आमचं काय चालणार. थांबायचं नाहीतर दुसरं मॉडेल बघायचं.

"मॅनेजरला विचारून येतो" हे नाटक मात्र मला आता आवडायला लागलंय. तो आत जातो, आपण बाहेर बसतो, मनात धाकधूक, आणि तो परत येतो तेव्हा आपण आधीच अर्धे पाघळलेले असतो. यावेळी तो आत गेला की मी पुस्तक काढून वाचत बसायचे. दोनदा झालं. "ऑफर आजच्या दिवसापुरतीच" म्हणाला तेव्हा मी पर्स उचलली आणि छान वाटलं बोलून असं म्हणून निघाले, जिन्यापर्यंत धडधडत होतं खरं सांगते. दोन दिवसांनी त्याचाच फोन, ऑफर अजून आहे मॅडम.

माझा भाचा म्हणतो की घासाघीस हवीच कशाला, सगळीकडे फिक्स भाव करा. जनरल मोटर्सने सॅटर्न नावाच्या ब्रँडमध्ये १९९० पासून तेच केलं होतं, लोकांना आवडलंही होतं, पण तो ब्रँड २०१० मध्ये बंदच झाला (बंद व्हायची कारणं वेगळी होती म्हणा). मला स्वतःला फिक्स भाव चालेल, पण फिक्स म्हणजे कमी असं समजू नका, ठरवणारा तोच असतो. त्यापेक्षा अमेरिकेत १९५८ मध्ये कायदा आला तो मला बरा वाटतो, सेनेटर मनरोनी यांनी आणलेला, नव्या गाडीच्या काचेवर कंपनीची मूळ किंमत आणि बसवलेल्या प्रत्येक जास्तीच्या वस्तूची किंमत लिहिलेला कागद चिकटवायलाच लागतो. तो कागद असला तरी शोरूम आपलं काही ना काही वर लावतंच, पण निदान कुठून सुरुवात झाली ते तरी कळतं.

तर तुमच्याकडे माझी मागणी अशी आहे. गाड्यांच्या पानावर महिन्यातून एकदा वाचकांची कोटेशनं छापा, कोणत्या मॉडेलला एकूण किती आकडा दिला, त्यात विमा किती, ॲक्सेसरीज किती, सूट किती मिळाली. शोरूमचं नाव नको, सेल्समनचं तर नकोच. वाचकांना एकमेकांचे आकडे दिसले तरी खूप झालं. सुरुवात माझ्यापासून करा, माझी दोन्ही कोटेशनं नावं खोडून तयार ठेवली आहेत, पत्ता कळवा, पाठवते.

आपली,
एक नियमित वाचक