न्यायमूर्तींचा लाल झगा

लंडन, रविवार

प्रिय वकीलसाहेब,

इतके महिने पत्र नाही म्हणून तू रागावला असशीलच. गुडघा ठीक, साखर आटोक्यात. आता मुद्द्याचे. ज्या न्यायमूर्तींनी तुझे ते प्रकरण एका परिच्छेदात निकाली काढले, त्यांचेच पूर्णाकृती तैलचित्र करण्याचे काम माझ्याकडे आले आहे, आणि ते स्वीकारावे की नाही हे तुला विचारल्यावाचून मला ठरवता येत नाही.

लेकीकडे आलो असताना गिल्डहॉलच्या (लंडन नगरीच्या जुन्या सभागृहाच्या) चित्रदालनात सतराव्या शतकातले इंग्रज न्यायाधीश सर मॅथ्यू हेल यांचे चित्र पाहिले आणि गुंता वाढलाच. 1666 च्या आगीत येथील 13,000 हून अधिक घरे जळाली. करारानुसार पुष्कळ भाडेकरूंवर जळके घर बांधण्याचा आणि भाडेही चालू ठेवण्याचा बोजा पडला. हे तंटे ज्या न्यायाधीशांनी विनामोबदला मिटवले, त्या 22 जणांची चित्रे नगरीने 1670 साली काढायला सांगितली; हेल त्यांपैकीच एक. न्यायाधीशांच्या दालनात आपण जाणार नाही, असे त्या काळचे नामांकित चित्रकार सर पीटर लेली यांनी कळवले म्हणतात (ताठा थेट आपल्या मास्तरांचा!), आणि काम जॉन मायकेल राइटकडे गेले. त्यांपैकी आज तेथे दोनच उरली आहेत.

हेलच्या चित्रात लाल झगा, पांढरी फर, गळ्यात मानाची साखळी, डोक्याला घट्ट बसलेली काळी टोपी. केसांचे टोप न्यायासनावर यायचे होते. कापडाचे वजन असे उतरले आहे की मला हेवा वाटला. चेहरा मात्र शांत, विचारी, जवळजवळ मायाळू आहे. याच माणसाने 1662 मध्ये बरी सेंट एडमंड्स येथे दोन वृद्ध विधवांचा चेटकाचा खटला चालवला. आरोपी बाईचा हात लागताच किंचाळणाऱ्या मुलीचे डोळे झाकून तिला तिसऱ्याच बाईचा हात लावला, तरी तिने तसाच आकांत केला. तरीही चेटकिणी असतात याविषयी आपल्याला शंका नाही, असे त्याने ज्यूरीला सांगितले आणि दोघी फासावर गेल्या. पतीला पत्नीवरील बळजबरीचा दोष लागत नाही, हे मतही त्याचेच, मृत्यूनंतर 1736 साली छापले गेलेले. इंग्लंडने ते 1991 मध्ये टाकून दिले आणि आपल्या नव्या न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये तो अपवाद अजून आहे, हे तुला मी काय सांगावे!

वसतिगृहात तू म्हणायचास की चित्रकार झगा रंगवतो आणि निकाल झाकतो. मी म्हणायचो की चेहरा सारे सांगतो. हेलचा चेहरा काहीच सांगत नाही, आणि राइटने कसूर केली असेही म्हणवत नाही. आपले न्यायमूर्ती समोर बसले, की त्यांचाही चेहरा सज्जनच दिसणार आणि मी तो तसाच रंगवणार, याची मला भीती वाटते. पैसे बरे आहेत, हेही लपवत नाही.

वहिनींचे डोळ्याचे ऑपरेशन नीट झाले ना? धाकट्याला सनद मिळाल्याचे कळले, त्याला आशीर्वाद.

समितीला महिनाअखेर उत्तर हवे आहे. तू नको म्हणालास तर नकार कळवीन; फक्त ‘तुला पटेल ते कर’ एवढे मात्र लिहू नकोस.

तुझा,
रंगारी