डिव्हिजन थ्रीच्या पायरीसाठी: केंद्रीय क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय क्रीडामंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली यांस,

सविनय नमस्कार.

आपल्याकडे येणाऱ्या पत्रांत बहुधा पदकाची भाषा असते. हे पत्र पदकासाठी नाही. आइस हॉकीच्या वीस वर्षांखालील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत डिव्हिजन थ्री नावाची सर्वांत खालची पायरी आहे. तिच्यावर भारताचा संघ उभा राहावा, एवढेच मागणे आहे, आणि ते लहान असल्यामुळेच साल ठरवून पूर्ण करता येईल, असे मला वाटते.

ही स्पर्धा 1977 पासून आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघ भरवतो. कॅनडा, अमेरिका, स्वीडन, फिनलंड अशा मातब्बरांचे दहा संघ वरच्या गटात खेळतात आणि दूरचित्रवाणीवर दिसतात ते तेवढेच. त्यांच्याखाली एकाखाली एक डिव्हिजन असतात. खालच्या गटात पहिला आलेला संघ पुढच्या वर्षी वर चढतो आणि वरच्यातला शेवटचा खाली येतो. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये मेक्सिको, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि चायनीज तैपेई या नावाने उतरणारा तैवान हे संघ खेळलेले आहेत. यांतला एकही देश हिमाच्छादित म्हणून ओळखला जात नाही. 2022 साली तर मेक्सिकोने ही तिसरी डिव्हिजन आपल्याच केरेतारो शहरात, ऐन जुलै महिन्यात भरवली. बर्फ आकाशातून पडावा लागत नाही; छप्पर, जमिनीखालच्या थंड द्रवाच्या नळ्या आणि अखंड वीज असली की तो बाराही महिने टिकतो. भारत 1989 पासून महासंघाचा सदस्य असूनही या स्पर्धेच्या कोणत्याही डिव्हिजनमध्ये अद्याप खेळलेला नाही.

आपल्याकडे हा खेळ मुख्यतः लडाखने जगवला आहे, हे कृतज्ञतेने मान्य करूनच पुढची अडचण मांडतो. लेहमध्ये, सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर, तळी गोठतात ती डिसेंबरच्या सुमारास, आणि खेळण्याजोगा बर्फ जेमतेम दोन महिने मिळतो. तिसऱ्या डिव्हिजनचे सामने बहुतेकदा जानेवारीत होतात. म्हणजे केवळ नैसर्गिक बर्फावर विसंबणारा संघ तीन-चार आठवड्यांच्या सरावावर वर्षभर रिंकवर, म्हणजे कृत्रिम बर्फाच्या मैदानावर, घाम गाळलेल्या मुलांसमोर उतरणार. शिवाय गोठलेल्या तळ्याभोवती आंतरराष्ट्रीय रिंकसारख्या उंच, पक्क्या फळ्या नसतात. पक, म्हणजे या खेळातली रबरी चकती, फळीवर आदळून कोणत्या कोनात परत येईल, फळीला चिकटून अंगावर येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला कसे झेलायचे, हे अर्धे कसब फळीशिवाय शिकताच येत नाही. गोलरक्षकाची अवस्था तर याहून बिकट, कारण त्याला हजारो फटके अडवल्यावाचून अंदाजच येत नाही आणि दोन महिन्यांत ते हजारो फटके आणायचे कुठून?

मी स्वतः चाकांचे स्केटिंग शिकवतो. माझ्याकडची चपळ मुले बर्फावर प्रथम उभी राहतात, तेव्हा धावतात उत्तम आणि थांबायची वेळ आली की सरळ फळीवर जाऊन आदळतात. बर्फावर पाते आडवे फिरवून, बर्फ खरवडत थांबायचे असते आणि ती सवय चाकांवर लागत नाही. (पहिल्या दिवशी सगळे हसतात. चौथ्या दिवशी शिबिर संपलेले असते.)

या साऱ्यावरचा उपाय देशात 2011 पासून उभा आहे. दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धेसाठी डेहराडूनला बांधलेले हिमाद्री हे पूर्ण आकाराचे, छताखालचे रिंक त्यानंतर दशकाहून अधिक काळ जवळजवळ बंदच राहिले. एखादी वास्तू बंद राहिली तर नुकसान इमारतीचे होते असे आपण धरून चालतो. कनिष्ठ गटाच्या खेळात ते जन्मवर्षांचे होते. 2025 च्या स्पर्धेत 2005 किंवा त्यानंतर जन्मलेलेच खेळाडू चालत होते. 2005 मध्ये जन्मलेला मुलगा हिमाद्री बांधले गेले तेव्हा सहा वर्षांचा, म्हणजे स्केट्स पायात चढवायच्या नेमक्या वयाचा होता; रिंक पुन्हा सुरू होऊन ऑगस्ट 2025 मध्ये तिथे शॉर्ट ट्रॅक स्केटिंगची आशियाई खुली स्पर्धा झाली, तोवर त्याची वीस वर्षांखालील गटातली शेवटची संधी निघून गेली होती. त्याच्या पुढच्या-मागच्या मुलांचेही कमीअधिक हेच झाले. त्या स्पर्धेबद्दल सरकारचे अभिनंदन करतो, पण समारंभाचा बर्फ वेगळा आणि सरावाचा वेगळा.

मुलींचे उदाहरण आपल्यासमोर आहेच. 2016 साली तैपेईत पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळलेल्या भारतीय महिला संघाने 2025 मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे आशिया चषकात कांस्यपदक मिळवले. सुरुवातीच्या पराभवांनंतर त्यांना पुन्हा पाठवायचेच नाही असे ठरले असते, तर हे पदक आले नसते. कनिष्ठ संघही पहिली काही वर्षे मोठ्या फरकाने हरेल. तसे झाल्यास त्याचा दौरा रद्द करण्याचा प्रस्ताव आपल्या टेबलावर येईल, तेव्हा तो कृपया परत पाठवावा.

मागणी अशी की हिमाद्रीतील बर्फ वर्षातून किमान दहा महिने ठेवण्याच्या खर्चाची तरतूद स्पर्धांच्या निधीतून न करता स्वतंत्र करावी, आणि त्यातले ठरावीक तास सोळा ते एकोणीस वयाच्या निवडक मुलांसाठी राखून लडाख, काश्मीर, हिमाचल आणि मैदानी राज्यांतील खेळाडूंना तिथे निवासासह आणावे. गोलरक्षकांसाठी वेगळा प्रशिक्षक नेमावा. इतर गोष्टींत काटकसर चालेल, इथे नाही. प्रवेशासाठी महासंघाच्या ज्या अटी आहेत, त्यांपैकी कोणती कधी पूर्ण होणार, याचा लेखी तक्ता राष्ट्रीय संघटनेकडून मागवून तो जाहीर करावा.

2012 साली जन्मलेली मुले आज माझ्याकडे चाकांवर सराव करतात. त्यांच्यासाठी ही स्पर्धा 2032 मध्ये संपते. आपल्या उत्तरात त्याआधीचे एखादे साल लिहिलेले असावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक स्केटिंग प्रशिक्षक