1966 चा क्रम, पुन्हा एकदा

ईस्ट लान्सिंग, मिशिगन

प्रिय सुहास,

परवा फोनवर माझा आवाज चढला, त्याचं मनाला लागून राहिलंय. तू हंट्सव्हिलला राहून अलाबामाचा झालास, मी इथे मिशिगन स्टेटचा. 1966 च्या कॉलेज फुटबॉलच्या (अमेरिकन फुटबॉल) मोसमात देशात पहिला कोण, अलाबामा, मिशिगन स्टेट की नोत्र दाम, हा विषय निघाला की आपण दोघंही समोरच्याचं ऐकून घेत नाही. म्हणून पत्र लिहायला घेतलं. गेले चार दिवस रात्री जेवणं आटोपली की वही घेऊन बसतोय. तिन्ही संघांचे त्या मोसमातले सगळे सामने एकाखाली एक मांडलेत.

आधी तुझं पटलेलं सांगतो. अलाबामाने दहाच्या दहा सामने जिंकले, त्यातल्या सहांत समोरच्याला एकही गुण करू दिला नाही. सगळे मिळून दिले फक्त 37. 'प्रतिस्पर्धी सोपे होते' म्हणत मी हे आजवर उडवून लावायचो. तसं करायला नको होतं. पुढे शुगर बोलमध्ये (मोसमाअखेरच्या खास 'बोल' सामन्यांपैकी एक) त्यांनी नेब्रास्काला 34-7 ने लोळवलं, पण संघांचा क्रम लावणाऱ्या एपी आणि यूपीआय या वृत्तसंस्था, दोघींचंही मतदान त्याआधीच उरकलं होतं! आदल्याच वर्षी एपीने बोल सामने होईपर्यंत थांबून मतं घेतली होती आणि त्याच जोरावर अलाबामा चौथ्यावरून पहिला आला होता. 66 साली परत जुनी पद्धत. हा अन्यायच होता, तुझा राग रास्त आहे.

आता आमचा आणि नोत्र दामचा 19 नोव्हेंबरचा सामना. आमच्या स्पार्टन स्टेडियममधला, 10-10. शेवटचं सव्वा मिनिट मी पुन्हा पाहिलं. चेंडू नोत्र दामकडे, स्वतःच्याच 30 यार्डांच्या आसपास, आणि त्यांचा प्रशिक्षक पार्सेगियन खेळाडूंना चेंडू घेऊन नुसते पळायला लावून वेळ काढतोय. आमची पोरं समोरून ओरडून त्यांना डिवचताहेत. वर्षानुवर्षं मी त्याला भित्रा म्हणत आलो. पण या वेळी माझी नजर त्यांच्या कोली ओब्रायनवर होती. आमच्या बबा स्मिथच्या धडकेने त्यांचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून खेळ चालवणारा) हॅनरटी सुरुवातीलाच जखमी झाला, म्हणून हा पोरगा मैदानात आला. त्याला मधुमेह होता. 10-0 अशा पिछाडीवरून त्यानेच संघाला बरोबरीत आणलं होतं. तेव्हा जादा वेळ नव्हता, तो 1996 मध्ये आला. थकलेल्या पोराच्या हातून चेंडू हुकला असता तर सगळा मोसम गेला असता. पार्सेगियनला मी आता दोष देत नाही.

पर्ड्यूशी दोघंही खेळले. आम्ही 41-20 ने जिंकलो, नोत्र दाम 26-14 ने. उलट ज्या यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया) रोझ बोलमध्ये पर्ड्यूने जेमतेम 14-13 ने हरवलं, तिला नोत्र दामने 51-0 ने चिरडलं होतं. (त्या रोझ बोलला आम्हीच जायचे, पण लागोपाठ दोनदा जायचं नाही हा आमच्या बिग टेन या संघगटाचा नियम आडवा आला.) कितीही ताणलं तरी या दोघांत वर-खाली करता येत नाही.

मग अलाबामाला पहिलं का नाही? सुहास, इथे मला गुणांच्या पलीकडचं बोलावं लागतंय. आमचा जॉर्ज वेबस्टर साउथ कॅरोलिनातल्या अँडरसनचा, बबा स्मिथ टेक्ससच्या बोमाँटचा, क्वार्टरबॅक जिमी रे नॉर्थ कॅरोलिनातल्या फेएटव्हिलचा. अँडरसनहून अलाबामा विद्यापीठाचं टस्कलूसा कितीतरी जवळ. तरी वेबस्टर एवढ्या लांब, या बर्फात आला, कारण घराजवळच्या मोठ्या संघांची दारं काळ्या मुलांना बंद होती. अलाबामाच्या एसईसी या गटातल्या एकाही मुख्य संघात 1966 साली काळा खेळाडू नव्हता. पहिला उतरला तो केंटकीचा नेट नॉर्थिंग्टन, 1967 मध्ये. अलाबामाच्या त्या पोरांनी जीव तोडून खेळ केला, त्यांच्या मेहनतीला मी बोट लावत नाही. पण आपल्याच भागातल्या इतक्या उत्तम खेळाडूंना बाहेर ठेवून, बहुतेक सामने तसंच करणाऱ्या संघांशी खेळून, देशात सर्वांत भारी कोण हे ठरत नाही. माझ्या मनाला ते पटतच नाही.

तेव्हा माझ्या वहीत आता मिशिगन स्टेट आणि नोत्र दाम बरोबरीने पहिले. देशातल्या सर्वोत्तम संघाची मॅकआर्थर बोल ही ट्रॉफी त्या वर्षी दोघांना मिळून दिली होती, ते योग्यच झालं. अलाबामा तिसरा, पण मतदान शुगर बोलनंतर व्हायला हवं होतं हे त्याच्या नावापुढे लिहून ठेवलंय. आमच्या संघाला एकट्याला पहिला नंबर देत होतो तो खोडताना जड गेलं.

थँक्सगिव्हिंगला वहिनींना घेऊन ये. वही टेबलावरच ठेवतो. अलाबामाने टेनेसीशी जिंकलेला तो 11-10 चा सामना मला तुझ्याकडून नीट समजून घ्यायचाय.

तुझाच,
अविनाश