अठराव्या दिवसाचा ताप

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

बायपास होऊन अठरा दिवस झालेला पेशंट ताप आणि छातीतली कळ घेऊन आला, तर अँटिबायोटिक लगेच सुरू करायचं का, असं तू विचारलंस. आधी दिवस मोज. अठरा हा आकडाच बरंच सांगतो: हा जंतुसंसर्ग नसून पोस्ट-पेरिकार्डिओटॉमी सिंड्रोम, म्हणजे ऑपरेशननंतर हृदयाभोवतीच्या पिशवीला येणारा दाह असू शकतो.

ऑपरेशनमध्ये ही पिशवी, म्हणजे हृदयावरण, उघडतात. त्याचं नाजूक अस्तर खरवडलं जातं, आत थोडं रक्त साकळतं आणि एरवी पेशींत दडलेली प्रथिनं मोकळी होतात. रोगप्रतिकार यंत्रणा त्यांना परकं समजते. तिची तयारी व्हायला वेळ लागतो, म्हणून हा प्रकार बहुधा पहिल्या ते सहाव्या आठवड्यात दिसतो. हार्ट अटॅकनंतरचं असंच दुखणं विल्यम ड्रेसलर यांनी १९५६ मध्ये वर्णिलं. पेसमेकरची तार बसवल्यावर किंवा छातीला मुका मार लागल्यावरही ते होतं. अटॅकनंतर दोन-तीन दिवसांतच येणारा हृदयावरणाचा दाह मात्र वेगळा. तो मेलेल्या स्नायूला लागून झालेला असतो, त्यात प्रतिपिंडांचा हात नाही.

निदानाला पाचांपैकी दोन गोष्टी पुरतात: दुसरं कारण नसलेला ताप, श्वास घेताना किंवा आडवं पडल्यावर वाढणारी आणि पुढे वाकून बसल्यावर कमी होणारी कळ, स्टेथोस्कोपमध्ये घासल्यासारखा आवाज, हृदयावरणात पाणी, आणि सीआरपी (रक्तातला दाह दाखवणारा घटक) वाढलेला असताना फुफ्फुसाभोवती नवं किंवा वाढलेलं पाणी. सीआरपीचा एकच आकडा बघून फसू नकोस, ऑपरेशननंतर तो वाढलेलाच असतो. उतरत आलेला पुन्हा चढला, तर कान टवकार. ईसीजीवरही इथे फार विसंबू नकोस.

‘दुसरं कारण नसलेला’ हे शब्द मात्र सगळ्यात महत्त्वाचे. छातीचं हाड दाबल्यावर हलतंय का, जखमेतून पाणी येतंय का, पोटरी सुजली आहे का, हे बघ. नवी झडप असेल तर ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघणारी तपासणी) घेतल्याशिवाय अँटिबायोटिकचा थेंबही देऊ नकोस.

औषधांत ॲस्पिरिन ७५० ते १००० मिग्रॅ दर ८ तासांनी, सोबत पोटासाठी गोळी. त्रास थांबून सीआरपी उतरला की डोस हळूहळू कमी करायचा. अटॅकच्या पेशंटला आयबुप्रोफेन हे वेदनाशामक टाळ. रक्त पातळ ठेवणाऱ्या छोट्या ॲस्पिरिनच्या कामात ते आडवं येतं. जोडीला दाह कमी करणारं कोल्चिसिन ०.५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, वजन ७० किलोच्या खाली असेल तर एकदाच, ३ महिने. पेशंटला बरं वाटलं की तो गोळ्या सोडतो आणि दुखणं परततं, तेव्हा हे ३ महिने त्याला आधीच समजावून ठेव. जुलाब लागले तर डोस कमी कर. किडनी कमजोर असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर कोल्चिसिन विषासारखं साठतं. स्टेरॉइडचा मोह आवर: ताप एका दिवसात पळतो, पण पटकन बंद केलं की आजार उलटण्याची शक्यता जास्त. इतर औषधं चालत नसतील तेव्हाच, कमी डोसात.

खरी भीती साठलेल्या पाण्याचा हृदयावर दाब पडण्याची. झडप बदललेला पेशंट बहुधा वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधावर असतो, त्याच्या हृदयावरणातलं पाणी रक्ताळ होऊ शकतं. ऑपरेशननंतर ते हृदयाच्या मागच्या बाजूला, एखाद्या कोपऱ्यात अडकून साठू शकतं आणि छातीवरून केलेल्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) दिसायचं राहून जातं. मानेची शीर फुगणं, बीपी पडणं, हृदयाचे आवाज मंद होणं हे तिन्ही एकत्र दिसेपर्यंत थांबलास तर उशीर होईल. बीपीचा पट्टा फुगवून हवा अगदी सावकाश सोड. ठोके फक्त श्वास सोडताना ऐकू येऊ लागतात तो आकडा आणि पूर्ण श्वासभर ऐकू येतात तो आकडा, यांत १० पेक्षा जास्त फरक पडला तर सीनिअरला उठव. नाडी जलद आणि लघवी कमी झाली, तरी इको साधा दिसला म्हणून गप्प बसू नकोस. अन्ननलिकेतून इको किंवा सीटी मागून घे.

आणि डिस्चार्ज कार्डावर ‘ताप आल्यास संपर्क साधा’ एवढंच लिहू नकोस. सहा आठवड्यांपर्यंत ताप, आडवं पडल्यावर वाढणारी कळ, धाप किंवा चक्कर, असं सुट्या शब्दांत लिही. ते पेशंटच्या घरच्यांनाही मोठ्याने वाचून दाखव. कार्ड बहुतेक वेळा तेच सांभाळतात.

तुझी,
आई