बेकरीतले बारा चौकोन: शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शिक्षणमंत्री,
गोवा सरकार, सचिवालय, पर्वरी.

महोदय,

डिचोली तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी विशेष शिक्षिका आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या आमच्या नववीतील एका मुलाला काम शिकण्यासाठी गेल्या वर्षी गावच्या बेकरीत आठवड्यातून दोनदा नेण्याचा प्रयोग आम्ही केला. पाव मोजताना तो सुरुवातीला गोंधळत असे. मग बेकरीवाल्या काकांनी फळीवर बारा चौकोन आखून दिले आणि तिसऱ्या आठवड्यापासून त्याच्या डझनात पाव कमी-जास्त झाला नाही. हे चौकोन मला सुचले नव्हते, हे कबूल करते.

त्याला पॅकिंगचे कामही पाहता यावे म्हणून मी जवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गेले. व्यवस्थापकांनी नकार दिला नाही. मुलाला काही झाले तर जबाबदारी कोणाची, विमा कोण उतरवणार आणि शाळेचे पत्र पुरेल की खात्याचे लागेल, एवढेच त्यांनी विचारले. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आणि पत्रव्यवहारातच वर्ष सरले.

खाजगी आस्थापनांत किमान 5 टक्के कर्मचारी दिव्यांग असावेत यासाठी सरकारने मालकांना प्रोत्साहन द्यावे, असे 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे कलम 35 सांगते. परंतु ज्याला काम करताना कधी पाहिलेच नाही, त्याला मालक कामावर घेणार तरी कशाच्या भरवशावर? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे असे म्हटले आहे; आमच्या मुलांना दहा दिवसांत जेमतेम जागेची ओळख होते.

म्हणून खात्याने शाळा आणि मालक यांच्यातील कराराचा एक नमुना तयार करावा, त्यात विम्याचा खर्च सरकारने उचलावा, आणि विद्यार्थ्यासोबत कामाच्या जागी घालवलेले तास विशेष शिक्षकाच्या कर्तव्याचे तास धरले जावेत, अशी माझी विनंती आहे. हे शेवटचे कलम लहान वाटेल, पण त्याअभावी आज मी बेकरीत जाते ती रजा टाकून. सुरुवात सरकारच्या स्वतःच्या कार्यालयांतून आणि ग्रंथालयांतून झाली, तर कारखानदारांना सांगायला आमच्याकडे उदाहरण तरी असेल.

तो मुलगा आता दहावीत आहे.

आपली विश्वासू,
एक विशेष शिक्षिका, डिचोली