स्मरणचित्र

टोकियो, १७ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांच्या सेवेशी, साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्या नातवाने चित्र दाखवले, तेव्हा "अरे, जीभ कधी निळी असते का, आणि ती हातापेक्षा मोठी कशी?" असे तुम्ही हसत विचारलेत आणि त्याने वही मिटून टाकली. तुम्ही ते मायेनेच बोललात हे मला ठाऊक आहे. तरी त्या जिभेमागची हकीकत तुम्हाला सविस्तर कळवावी असे तेव्हापासून मनात आहे.

इथल्या पहिलीतल्या मुलांना उन्हाळ्याच्या सुटीत 'एनिक्की' करून न्यावी लागते. एनिक्की म्हणजे चित्रांची रोजनिशी: पानाचा वरचा भाग चित्रासाठी कोरा, खाली अक्षरांसाठी चौकटी, आणि त्या दिवशी ऊन होते की पाऊस हे नोंदवायला थोडी जागा. शाळा एप्रिलमध्ये सुरू होते, त्यामुळे सुटी लागेपर्यंत मुलांना अक्षरे जेमतेम लिहिता येऊ लागलेली असतात आणि सांगण्याचा बहुतेक भार चित्रावरच पडतो.

पहिल्या पानाच्या वेळी माझेच चुकले. "आज काय काय केलेस?" असे मी विचारले, तेव्हा उठलो, जेवलो, बागेत गेलो, परत आलो अशी यादी मिळाली आणि कागदावर एक घर, एक सूर्य व एक माणूस उभा राहिला. मग पालकसभेत बाईंनी सांगितलेले आठवले: अख्खा दिवस काढायला लावू नका, सर्वांत मजा वाटली तो एकच क्षण मुलाला निवडू द्या, तेव्हा काय दिसले, काय ऐकू आले, जिभेला काय लागले एवढे विचारा आणि गप्प बसा. यातले गप्प बसणेच सर्वांत अवघड आहे, त्यातून चित्रकलेच्या मास्तरांच्या लेकीला तर फारच.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी आम्ही एदोगावा नदीकाठची आतषबाजी पाहायला गेलो होतो. हजारो बाण आकाशात फुटले, त्यामुळे तो आकाशच रंगवणार असे मी धरून चालले होते. पण त्याने ते सारे आकाश एका कोपऱ्यात चार ठिपक्यांत उरकले आणि पानभर काढली ती निळ्या सरबताचा बर्फाचा गोळा खाऊन रंगलेली स्वतःची जीभ. खडू चालू लागला तसा तो बोलूही लागला. गाडीवरच्या मावशींनी कोणता रंग हवा असे विचारल्यावर लाजेने शब्द फुटेना, म्हणून त्याने नुसते बोट दाखवले होते. पहिल्याच घासाला कपाळात कळ गेली होती. मित्राची जीभ लाल झाली होती आणि दोघांनी दिव्याखाली उभे राहून जिभा ताडून पाहिल्या होत्या. आदल्या रात्री मी खोदून खोदून विचारले, तेव्हा यातले एक अक्षरही त्याने सांगितले नव्हते. त्याचे हे बोल मी आता पानामागे पेन्सिलीने मराठीत जसेच्या तसे उतरवून ठेवते.

हे काही माझ्याच घरचे नवल नाही. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठातील ग्रॉस आणि हेन या संशोधकांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना आनंदाचे, भीतीचे, रागाचे प्रसंग सांगायला लावले, तेव्हा चित्र काढत सांगणाऱ्या मुलांनी नुसते तोंडी सांगणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक तपशील दिला, असे त्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केले.

तुम्हाला आवडेल अशी आणखी एक गोष्ट सांगते. इथेही पूर्वी मुले पुस्तकातील नमुने गिरवीत असत. चित्रकार यामामोतो कानाए पॅरिसहून परतताना १९१६ मध्ये मॉस्कोला थांबले, तिथे त्यांनी मुलांची चित्रे पाहिली, आणि १९१९ मध्ये नागानो प्रांतातील एका शाळेत मुलांच्या मुक्त चित्रांचे प्रदर्शन भरवले. पुढे १९२५ मध्ये साकुरा कंपनीने क्रेपास हे मऊ तेलकट खडू काढले. तुमच्या नातवाची जीभ त्याच खडूंनी रंगली आहे.

बाबा, एलिमेंटरी परीक्षेतील 'स्मरणचित्र' हा शब्द मला तुमच्याकडूनच मिळाला. मी मात्र त्या पेपराला आठवडी बाजाराचे एक तयार चित्र पाठ करून गेले होते: तीन बायका, एक तराजू, मागे वडाचे झाड. ती स्मरणशक्ती होती, पण त्यात माझी आठवण कोणतीच नव्हती, आणि वाईच्या बाजारात तुमचे बोट धरून मी जे पाहिले होते त्यातले काहीही त्या कागदावर उतरले नाही.

म्हणून एक विनंती आहे. पुढच्या रविवारी त्याने वही उघडली तर "मग काय झाले?" एवढेच विचारा. रेषा सुधारायला पुढची कितीतरी वर्षे आहेत आणि ते काम मी तुमच्याच हाती सोपवणार आहे. शिवाय, जांभळे खाल्ल्यावर आजोबांची जीभ कशी दिसते, असे त्याने काल विचारले. तुमच्या लहानपणीचा तसा एखादा दिवस पोस्टकार्डावर काढून पाठवाल का? खोडरबर मात्र वापरायचा नाही, असे त्याचे सांगणे आहे.

आईस साष्टांग नमस्कार. कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमची लेक