‘बरं, बघतो’ म्हणालास तेव्हा

प्रिय मित्रा,

त्या रात्री फोनवर तू एवढंच म्हणालास, ‘नोकरी सोडावीशी वाटतेय रे.’ पुढचं तुझ्या तोंडातच राहिलं, कारण तोवर मी सुरू झालो होतो. आधी दुसरी बघ, मग राजीनामा दे. चार दिवस सुट्टी काढ. साहेबांशी एकदा बोलून बघ. तू ‘बरं, बघतो’ म्हणून फोन ठेवलास आणि मी मित्राच्या उपयोगी पडल्याच्या समाधानात झोपलो.

ते समाधान कसं उतरलं, ते सांगतो. मी जातो त्या समुपदेशनाच्या वर्गात तिघातिघांचे गट करतात. एक बोलतो, एक ऐकतो, तिसरा नुसता बघतो. माझी ऐकण्याची पाळी होती. समोरच्या बाई आईच्या आजारपणाबद्दल बोलत होत्या (त्यांना विचारूनच लिहितोय). नंतर सगळ्यांनी बसून रेकॉर्डिंग ऐकलं. बाई म्हणतात, ‘रात्री आई हाक मारते तेव्हा मला...’ आणि तिथेच माझा आवाज घुसतो, ‘रात्रीपुरतं कुणी माणूस ठेवता येणार नाही का?’ हाक आली की त्यांना काय होतं, हे त्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटपर्यंत नाही. तिसऱ्याने वहीत एकच ओळ लिहिली होती: ‘इथे त्या थांबल्या.’ मला ‘बरं, बघतो’ आठवलं.

मग कार्ल रॉजर्स हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वाचायला घेतला. तोही थोडाफार असाच शिकला, हे वाचून बरं वाटलं. १९४०च्या दशकात ओहायोत तो आणि त्याचे विद्यार्थी सल्लामसलतीच्या बैठका तबकड्यांवर मुद्रित करून आपलेच आवाज ऐकत बसायचे. पण मला धरून ठेवलं ते त्याच्या त्याआधीच्या, रॉचेस्टरमधल्या एका अनुभवाने. एका व्रात्य मुलाची आई त्याच्याकडे यायची. आईने मुलाला लहानपणापासून झिडकारलंय, हे त्याचं निदान पक्कं. ते तिला पटवायचा त्याने हरतऱ्हेने प्रयत्न केला, काही जमेना. शेवटी हे थांबवू या असं दोघांनी ठरवलं. बाई दारापर्यंत गेली, वळली आणि तुम्ही मोठ्या माणसांनाही घेता का, असं तिने विचारलं. तो हो म्हणाला, तशी ती परत खुर्चीत येऊन बसली आणि नवऱ्याबरोबरच्या संसाराचं सगळं ओझं तिने ओतलं. आधी सांगितलेल्या कोरड्या हकिकतीशी त्याचा काही मेळच नव्हता. दुखतंय कुठे आणि जायचं कुठे हे ज्याचं त्यालाच ठाऊक असतं, असं रॉजर्स पुढे म्हणत राहिला, त्यामागे ही बाई आहे.

मनोविश्लेषण आणि वर्तनवाद यांच्या शेजारी ‘तिसरी शक्ती’ म्हणून रॉजर्सचं मानवतावादी मानसशास्त्र उभं राहिलं, वगैरे इतिहास तुला कुठेही मिळेल. त्याच प्रवाहातल्या अब्राहम मास्लोचा, माणसाच्या गरजा पायरीपायरीने मांडणारा तो त्रिकोण तर प्रत्येक प्रशिक्षणात दाखवतात. त्याच्या १९४३च्या लेखात त्रिकोण नाहीच, तो नंतर इतरांनी काढला. असो.

१९५७ साली रॉजर्सने माणूस बदलण्यासाठी काय लागतं ते एका लेखात मांडलं. त्यातल्या तीन गोष्टी ऐकणाऱ्याच्या गळ्यात पडतात: समोरच्याचा विनाअट स्वीकार, त्याच्या जागी जाऊन समजून घेणं आणि स्वतः आतबाहेर एक असणं. स्वीकार म्हणजे ‘तुझं सगळं बरोबर’ नव्हे, हे मला उशिरा कळलं. आणि समजून घेणं म्हणजे पोपटपंचीही नव्हे. समोरच्याचंच वाक्य फिरवून त्याला परत द्यायचं, एवढं १९६६चा एलायझा नावाचा संगणक प्रोग्रामसुद्धा करायचा.

मला अवघड जाते ती तिसरी गोष्ट. म्हणून सांगून टाकतो. तू ‘सोडावीशी वाटतेय’ म्हणालास तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मीही माझ्या नोकरीला कंटाळलोय, दोन वर्षं झाली, कुणाला बोललो नाही. तू सुटलास तर मी का चिकटून बसलोय, हे मला स्वतःला सांगावं लागलं असतं. ते तीन सल्ले मी तुला देत नव्हतो रे, मला गप्प करत होतो.

मार्टिन बुबर या तत्त्वज्ञाने रॉजर्सला १९५७ सालीच तोंडावर सुनावलं होतं, की समुपदेशक आणि त्याच्याकडे आलेला माणूस बरोबरीचे असूच शकत नाहीत. एक मदत मागायला आलेला, दुसरा द्यायला बसलेला. मला बुबरचं पटतं. पण आपल्या दोघांत तशी खुर्ची नाही. त्यामुळे माझ्यावर समुपदेशकी करायची वेळ आली, तर सरळ शिवी घाल.

रविवारी रात्री फोन करतो. माझ्या नोकरीचं रडगाणं नंतर, वेळ उरला तर. आधी तू सांग, ‘सोडावीशी वाटतेय’च्या पुढे तू काय म्हणणार होतास?

तुझाच,
मध्येच बोलणारा